चतुराला गाडीचं बॉनेट तळं का वाटतं?

पावसाळा ओसरत आला की बेळगावात हे कुठल्याही गल्लीत बघायला मिळतं. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या किंवा लाल गाडीवर चतुर घिरट्या घालतो, खाली येतो, शेपटीचं टोक बॉनेटला टेकवतो, उडतो, पुन्हा येऊन टेकवतो. पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि तो गाडीशी खेळतोय असं समजतात. ती असते मादी, आणि तिचा अंडी घालायचा खटाटोप चाललेला असतो. पिल्लं वाढायची पाण्यात, आणि ही बया अंडी घालते तापलेल्या पत्र्यावर! शेजारी पांढरी गाडी उभी असेल तर तिच्याकडे सहसा ढुंकूनही बघत नाही.

चतुराची नजर अधू म्हणावी, तर हाच प्राणी उडता डास हवेतल्या हवेत पकडतो. नजर चांगलीच आहे. फसतो तो हिशेब, आणि तो हिशेब मेंदूत होतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्याच्या बातम्या अनेकांनी वाचल्या असतील. पिकलेल्या केळ्यांभोवती जी चिलटाएवढी माशी घोंगावते, तिच्या मेंदूत १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यात पाच कोटींवर जोडण्या मोजल्या गेल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी नुसत्या बघण्याच्या कामाला जुंपलेल्या. एवढ्याशा जिवाला बघायला एवढा पसारा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण डोळा फक्त प्रकाश गोळा करतो. रंग कुठला, दिशा कुठली, समोर पाणी आहे की पान, हे ठरवायचं मेंदूने. आणि त्याची ठरवायची रीत बहुतेक वेळा एकच असते: दोन इशारे घ्यायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. पुढचं सगळं या वजाबाकीचंच पुराण आहे.

एकटी पेशी रंगांधळीच

माशीचा डोळा भिंगाखाली धरला तर षटकोनी खणांची जाळी दिसते. या एकेका खणाला नेत्रिका म्हणतात. फळमाशीच्या एका डोळ्यात सात-आठशे नेत्रिका असतात, कामकरी मधमाशीच्या एका डोळ्यात पाच हजारांच्या वर. प्रत्येक नेत्रिकेच्या तळाशी आठ-नऊ लांबट पेशी उभ्या असतात. प्रकाश पकडायचा आणि मेंदूकडे इशारा धाडायचा, एवढंच त्यांचं काम.

गंमत अशी की यातल्या एकट्या पेशीला रंग अजिबात कळत नाही. हिरव्या प्रकाशाला जास्त दाद देणारी पेशी घ्या. मंद हिरव्या उजेडात ती जेवढी चाळवते, तेवढीच ती भगभगीत निळ्या उजेडातही चाळवू शकते. मेंदूला कळतं ते एवढंच, की पेशी अमुक इतकी चाळवली. हिरव्यामुळे की निळ्यामुळे, हे तिच्या इशाऱ्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

म्हणून दोन वेगळ्या पेशी लागतात आणि त्यांच्यात तुलना लागते. आठवडी बाजारातला जुना दोन पारड्यांचा तराजू आठवा. एकूण वजन किती, हे तराजू आपणहून सांगत नाही; कुठलं पारडं कुठल्यापेक्षा जड, एवढंच सांगतो. कीटकाच्या मेंदूतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी अशाच वागतात. एका पारड्यात अतिनील इशारा (जांभळ्याच्या पलीकडचा, माणसाला न दिसणारा उजेड), दुसऱ्यात हिरवा. हिरवं जड झालं की पेशी जोरात बोलते, अतिनील जड झालं की गप्प होते. फळमाशीत तर हे फार लवकर सुरू होतं. रंगासाठी राखलेल्या दोन पेशींची टोकं मेंदूच्या दृष्टिखंडात पोचतात आणि तिथेच त्या एकमेकींचा इशारा खाली खेचतात. पुढच्या पेशींना माल मिळतो तो असा आधीच तोललेला.

या रीतीचा मोठा फायदा म्हणजे ऊन गेलं, सावली आली, ढग आला तरी दोन्ही पारड्यांतलं वजन साधारण सारख्याच प्रमाणात कमी होतं. तराजूचा कल फारसा बदलत नाही. उन्हात पिवळं दिसणारं फूल झाडाखाली गेल्यावरही मधमाशीला तेच फूल वाटतं, ते यामुळे.

मधमाशीच्या तराजूत काय काय

आपल्या डोळ्यात रंगाच्या पेशी तीन प्रकारच्या: ढोबळमानाने निळ्या, हिरव्या आणि तांबड्या उजेडाला दाद देणाऱ्या. मधमाशीतही तीनच, पण वेगळ्या. अतिनील, निळी आणि हिरवी. तिची सगळी पट्टी आपल्यापेक्षा एक घर सरकलेली आहे. आपल्याला जे अजिबात दिसत नाही ते अतिनील तिला लख्ख दिसतं, आणि आपल्याला डोळ्यात भरणारं लाल तिच्या लेखी जवळपास काळं.

मधमाशीला रंग दिसतात हे सिद्ध करायलासुद्धा भांडण झालं होतं. कार्ल फॉन हेस नावाचे मोठे नेत्रतज्ज्ञ ठामपणे सांगत होते की मधमाशी रंगांधळी आहे. कार्ल फॉन फ्रिश या तरुण ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९१४ च्या सुमारास त्याला साधं उत्तर दिलं. त्याने टेबलावर फिक्या ते गडद अशा अनेक छटांचे करडे चौकोन मांडले, मध्ये एकच निळा ठेवला, आणि निळ्यावर साखरपाणी ठेवून माश्यांना सवय लावली. मग साखरपाणी काढून घेतलं. माश्या निळ्यावरच उतरत राहिल्या. रंगांधळ्या असत्या तर उजळपणात निळ्याशी जुळणाऱ्या एखाद्या करड्या चौकोनाशी त्यांची गल्लत झाली असती. हाच प्रयोग लाल चौकोनावर केला तेव्हा मात्र त्यांनी लाल आणि गडद करडा यांत फरक केला नाही.

अतिनीलाची गोष्ट त्याआधीची. १८८० च्या दशकात जॉन लबक यांनी मुंग्यांच्या वारुळावर लोलकातून फाकलेला उजेड सोडला. मुंग्यांना आपल्या कोशांवर उजेड नको असतो. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे माणसाला फक्त अंधार दिसतो, तिथूनही मुंग्यांनी कोश उचलून हलवले. तिथे काहीतरी ‘उजेड’ आहे, हे त्यांना कळत होतं.

मग लाल पळसावर माश्या कशा येतात?

हा प्रश्न रास्त आहे. खानापूरच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलली की त्यांवर माश्या नसतात असं कोण म्हणेल? पण तिथे मुख्य गिऱ्हाईक पक्षी असतात: मैना, बुलबुल, सूर्यपक्षी. मोठी, लाल-केशरी, भरपूर पातळ मकरंदाची आणि फारसा वास नसलेली फुलं ही पक्ष्यांसाठी मांडलेली ताटं. माशी तिथे आगंतुक म्हणून येते. हिरव्याला दाद देणाऱ्या तिच्या पेशीला केशरी उजेडही थोडाफार लागतो, त्यामुळे केशरी फूल तिला अगदीच दिसत नाही असं नाही. शिवाय उजळ आकाशासमोर किंवा फिक्या पाचोळ्यावर काळपट आकार उठून दिसतो, आणि एका माशीला परागाचा साठा सापडला की ती पोळ्यात जाऊन नाचून बाकीच्यांना पत्ता देते. लाल रंग ओळखता आला नाही, म्हणून जेवण चुकलं असं होत नाही.

जाता जाता एक तक्रार. ‘मधमाशीला फूल असं दिसतं’ म्हणून जांभळ्या-गुलाबी फुलांचे फोटो मोबाइलवर फिरत असतात. त्यांतला खरा भाग एवढाच, की अनेक पिवळ्या फुलांच्या मधोमध अतिनील शोषून घेणारा गडद ठिपका असतो आणि तो माशीला मकरंदाची जागा दाखवतो. सूर्यफुलाच्या पाकळ्यांतही तो असतो. पण फोटोतला जांभळा रंग छायाचित्रकाराने निवडलेला असतो. अतिनील आपल्याला दिसतच नाही, तेव्हा ते दाखवायला आपल्या पट्टीतला कुठला तरी रंग उसना घ्यावाच लागतो. माशीला ‘जांभळं’ वाटत असेल की आणखी काही, हे फोटोवरून कळायला मार्ग नाही.

निपाणीची पांढरी माशी आणि पिवळा सापळा

ही वजाबाकी शेतात बघायची असेल तर मिरची-टोमॅटोच्या सरीत टांगलेला पिवळा चिकट सापळा बघा. वीतभर पिवळं कार्ड, वर डिंकासारखा थर. दोन दिवसांनी जवळ जाऊन पाहिलं तर त्यावर पिठाची चिमूट उडवल्यासारखी पांढरी माशी चिकटलेली असते, मध्ये मध्ये मावा, तुडतुडे. बाजूचं पान हिरवं, टवटवीत, रसाने भरलेलं. ते सोडून या कागदावर का मरायला येतात?

पांढऱ्या माशीचं नाव तंबाखू पिकवणाऱ्या निपाणी-चिकोडीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिची पहिली शास्त्रीय नोंद १८८९ साली ग्रीसमध्ये झाली तीच तंबाखूवरून, आणि शास्त्रीय नावात ‘तबाची’ आहे तेही त्यामुळेच. तंबाखूची पानं मुरडून टाकणारा विषाणू हीच माशी झाडोझाड पोचवते.

मावा आणि पांढरी माशी यांच्यावरच्या प्रयोगांतून त्यांचा हिशेब बराच कळला आहे. यांच्या मेंदूला ‘पान’ ओळखायचं असतं, आणि पानाची व्याख्या साधी आहे: हिरव्याचा इशारा भरपूर, निळ्याचा कमी. हिरव्यातून निळं वजा करा, उत्तर मोठं आलं की उतरा. आता तीन वस्तू तोलून बघा. खरं पान निळं बरंच खातं आणि हिरवं थोडं परत फेकतं, उत्तर मध्यम. पांढरा कागद हिरवंही फेकतो आणि निळंही. दोन्ही पारडी बरोबरीत, उत्तर जवळपास शून्य. पिवळं कार्ड निळं गिळून टाकतं आणि हिरव्या पट्टीतला उजेड खऱ्या पानापेक्षा कितीतरी जास्त परत फेकतं. उत्तर पानापेक्षाही मोठं. पांढऱ्या माशीच्या मेंदूला पिवळा कागद हे पानाहून अस्सल पान वाटतं, ते असं.

फुलकिड्यांसाठी मात्र निळे सापळे लावतात. ते फुलात राहणारे, त्यांचा हिशेब निराळा. दुकानदाराने दोन्ही रंग एकाच भावात समोर ठेवले तर आधी पिकावर कोण बसलंय ते बघून घ्यावं.

आकाशातली न दिसणारी नक्षी

इथवर रंग झाला. आता दुसरी गोष्ट, जी आपल्याला जवळपास दिसतच नाही: ध्रुवित प्रकाश.

प्रकाश ही लहर आहे आणि ती पुढे जाताना आडवी-उभी-तिरपी कंप पावते. सूर्यातून निघालेल्या उन्हात सगळ्या दिशांचे कंप सरमिसळ असतात. हवेच्या रेणूंवर आपटून तो प्रकाश विखुरला, किंवा पाण्यासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावरून परतला, की एका दिशेचे कंप जास्त आणि बाकीचे कमी होतात. असा एका दिशेकडे झुकलेला प्रकाश म्हणजे ध्रुवित प्रकाश, आणि हे झुकणं म्हणजे ध्रुवण.

निळ्या आकाशात सूर्यापासून काटकोनात जो पट्टा येतो, तिथे हे झुकणं सर्वांत जास्त असतं. सूर्याच्या जवळ आणि त्याच्या बरोबर समोर ते अगदी कमी. त्यामुळे सूर्याभोवती आकाशभर एक नक्षी तयार होते आणि सूर्य सरकेल तशी तीही सरकते.

पटत नसेल तर पोलरॉइड गॉगल घ्या. (खडेबाजारात फूटपाथवर मिळणारा प्रत्येक काळा चष्मा पोलरॉइड नसतो. लॅपटॉपच्या चालू स्क्रीनसमोर धरून फिरवा. एका कोनात स्क्रीन काळा पडला तर खरा.) सकाळी आठ-नऊला निरभ्र दिवशी राजहंसगडावर किंवा घराच्या गच्चीवर जा, सूर्याकडे न बघता डोक्यावरच्या आकाशाकडे गॉगल धरा आणि हळूहळू फिरवा. तोच निळा तुकडा गडद होतो, फिका होतो, पुन्हा गडद होतो. गॉगलशिवाय हे आपल्याला उमगत नाही. मधमाशी हे दिवसभर बघते.

डोळ्याची वरची कड

माशीच्या प्रकाशग्राही पेशीत प्रकाश पकडणारं द्रव्य अतिसूक्ष्म नळ्यांच्या रांगेत भरलेलं असतं. नळ्या ज्या दिशेने पसरलेल्या, त्या दिशेने कंप पावणारा प्रकाश त्या जास्त शोषतात. एवढ्यावरूनच प्रत्येक कीटकाच्या प्रत्येक पेशीला ध्रुवण कळायला हवं. पण ते कळून चालणार नाही. चकचकीत पानावरून परतणारा प्रकाशही ध्रुवित असतो. ते ध्रुवण रंगाच्या तराजूत शिरलं तर पान कलतं झालं की त्याचा ‘रंग’ बदलल्यासारखा वाटेल. म्हणून मधमाशीच्या डोळ्याच्या बहुतेक भागात या पेशी बुडापासून टोकापर्यंत पीळ दिलेल्या असतात. पिळामुळे नळ्यांची दिशा बदलत जाते आणि ध्रुवण पुसलं जातं.

डोळ्याच्या वरच्या कडेला, आकाशाकडे तोंड करून, दीडशेच्या आसपास नेत्रिका मात्र अशा आहेत की त्यांत पीळ नाही. तिथे नळ्यांच्या दोन रांगा एकमेकींना अचूक काटकोनात बसवलेल्या, आणि दोन्ही अतिनीलाला दाद देणाऱ्या. म्हणजे पुन्हा तोच तराजू. यावेळी दोन्ही पारड्यांत रंग एकच, कंपाची दिशा तेवढी वेगळी. उभ्यातून आडवं वजा केलं की आकाशाचा तो तुकडा कुठल्या दिशेला झुकलाय ते कळतं.

याचा पुरावाही फॉन फ्रिशनेच दिला, १९४० च्या दशकाच्या अखेरीला. अन्न शोधून आलेली माशी पोळ्यावर नाचून दिशा सांगते, हे त्याने आधीच उलगडलं होतं. पोळं आडवं ठेवलं आणि वर आकाशाचा नुसता निळा तुकडा दिसू दिला, सूर्य झाकलेला, तरी माशी बरोबर दिशेला नाचत होती. मग त्याने तिच्यावर पोलरॉइडचा तुकडा धरून फिरवला. माशीच्या नाचाची दिशा बदलली. आकाश तेच, पोळं तेच. बदलली होती फक्त कंपाची दिशा. १९७३ साली त्याला नोबेल मिळालं. पुढे इतरांनी त्या वरच्या कडेवर रंग फासून बघितलं, तेव्हा माश्यांना आकाशातलं हे होकायंत्र वापरता येईना.

मेंदूतलं कडं

वरच्या कडेवरून निघालेले इशारे दृष्टिखंडातून एका वेगळ्या वाटेने मेंदूच्या मध्यभागी जातात. तिथे पेशींची एक आटोपशीर रचना आहे, तिला मध्यसंकुल म्हणू. २००७ साली जर्मनीतल्या अभ्यासकांनी टोळाच्या मध्यसंकुलात ओळीने मांडलेले पेशींचे खण दाखवले. प्रत्येक खण ध्रुवणाच्या एकेका कोनाला दाद देणारा, शेजारचा खण शेजारच्या कोनाला. फळमाशीत याच संकुलाचा एक भाग गोल कड्यासारखा आहे. २०१५ साली तिथे काय चालतं ते जिवंत माशीत प्रत्यक्ष पाहता आलं. माशी डावीकडे वळली की कड्यातला चाळवलेला भाग तेवढाच सरकतो, उजवीकडे वळली की उलटा. होकायंत्राची सुई म्हणावी ती हीच, आणि अंधारातही ती बराच वेळ आपली जागा राखून असते.

पण ध्रुवणाच्या नक्षीत एक खोट आहे. ती जवळपास दोन्ही बाजूंनी सारखी असते. सूर्याची बाजू कुठली आणि पाठीमागची कुठली, हे नुसत्या कंपाच्या कोनावरून ठरत नाही. पूर्वेला जायचं तर पश्चिमेला जाशील! इथे रंग मदतीला येतो. सूर्याच्या बाजूच्या आकाशात हिरव्या पट्टीतला उजेड तुलनेने जास्त, विरुद्ध बाजूला अतिनील तुलनेने जास्त. मधमाशीला प्रयोगशाळेत हिरवा ठिपका दाखवला तर ती त्याला सूर्य समजून नाचते, अतिनील ठिपका दाखवला तर सूर्यापासून दूरचं आकाश समजून. टोळाच्या मेंदूत तर रंग आणि ध्रुवण दोन्हींना दाद देणाऱ्या पेशीच सापडल्या आहेत. रंगाचा हिशेब आणि दिशेचा हिशेब तिथे एकत्र मांडला जातो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

त्यावर आणखी घड्याळाची जोड असते, कारण सूर्य जागेवर थांबत नाही. दुपारभर फुलात रमलेली माशी परतताना मधल्या वेळात सूर्य किती सरकला ते धरूनच घरी येते.

ढग आले की काय करतात?

जांबोटी-कणकुंबीच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. जून ते सप्टेंबर आकाश दिसतंच कुठे?

ढग पातळ किंवा फाटके असतील तर ध्रुवणाची नक्षी बऱ्याच प्रमाणात टिकते, विशेषतः अतिनील पट्टीत. वरच्या कडेच्या पेशी अतिनीलाच्याच का, त्याचं एक कारण हे असावं असं अभ्यासक मानतात. मुसळधार पावसात माशी पोळं सोडतच नाही. मधली स्थिती उरते: पाऊस नाही, पण आभाळ गच्च. १९८१ साली अमेरिकेत यावर एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. झाडांच्या रांगेच्या कडेने जा-ये करणाऱ्या माश्यांचं पोळं उचलून तशाच दिसणाऱ्या, पण वेगळ्या दिशेला गेलेल्या रांगेजवळ नेलं. आभाळ भरलेलं असताना माश्या झाडांच्या कडेने गेल्या, आणि परतल्यावर नाचल्या त्या जुन्या जागेच्या हिशेबाने. रांगेच्या तुलनेत अमुक वेळी सूर्य कुठे असतो, हे त्यांनी पाठ केलं होतं.

आणि रात्री?

अंधारात प्रकाश इतका कमी असतो की तराजूच्या पारड्यांत पडतात ते मोजके कण. चांदण्यात आपल्यालासुद्धा रंग दिसत नाहीत, सगळं करडं होतं. कीटकांचंही तसंच असेल, असं पुष्कळ काळ धरून चाललं होतं.

त्याला धक्का देणाऱ्यांत आपल्या सह्याद्रीतलाच एक काळा भुंगाही आहे. लाकूड पोखरून घर करणारे हे भुंगे आपल्याकडे गोठ्याच्या वाशात, जुन्या घराच्या तुळईत असतात. त्यांतली एक जात अमावास्येच्या रात्रीही उडते. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भीमाशंकरच्या जंगलात तिचा अभ्यास केला आणि २००८ साली दाखवून दिलं की नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात हा भुंगा आपल्या घराच्या दाराशी लावलेल्या खुणेचा रंग ओळखतो. आग्यामोहोळाच्या माश्याही चंद्र असेल तेव्हा रात्री चारा गोळा करताना दिसल्या आहेत.

चंद्रप्रकाशही हवेत विखुरला की ध्रुवित होतो, सूर्यप्रकाशापेक्षा लाखो पटींनी मंद. दक्षिण आफ्रिकेतले शेणाचे गोळे ढकलणारे भुंगेरे तेवढ्यावरही सरळ रेषा धरतात, हे २००३ साली सिद्ध झालं.

मग वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे दिव्याभोवती असे वेड्यासारखे का फिरतात? २०२४ साली वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या एका अभ्यासात दिसलं की दिव्याजवळ उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे करतात. कोट्यवधी वर्षं आभाळ जमिनीपेक्षा उजळ होतं. उजेडाकडे पाठ ठेवली की पोट आपोआप जमिनीकडे. दिव्याशेजारी तीच सवय त्यांना वळवत राहते आणि सुटका होऊ देत नाही. उसाच्या फडातला प्रकाश सापळा चालतो तो बराचसा यावर.

चतुर फसतो कसा

पाण्यावरून परतलेला प्रकाश आडव्या कंपाकडे झुकलेला असतो. चतुराच्या डोळ्याचा खालचा भाग हे आडवं झुकणं ओळखतो, आणि त्याच्या मेंदूत पाण्याची खूण तीच: आडवं उणे उभं, उत्तर मोठं. निसर्गात एवढं मोठं उत्तर देणारी दुसरी वस्तू नव्हती. मग माणसाने पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट, डांबर, काच आणि मोटारी आणल्या.

हंगेरीतल्या अभ्यासकांनी २००६ साली वेगवेगळ्या रंगांच्या गाड्या तपासल्या. पांढऱ्या रंगाच्या आत शिरलेला प्रकाश सगळीकडे विखुरून बाहेर पडतो आणि वरच्या चकाकीतलं ध्रुवण पातळ करून टाकतो. काळा रंग आत शिरलेलं सगळं गिळतो, त्यामुळे बाहेर येते ती निव्वळ चकाकी, खूप ध्रुवित. लाल गाडीचं काय? पाण्यावरच्या कीटकांच्या डोळ्याला लाल बहुतेक काळंच, म्हणून लाल गाडीसुद्धा काळ्या गाडीइतकीच ओली. ही फसगत चतुराला आणि गाडीमालकाला, दोघांनाही महाग पडते. अंडी तर जातातच, आणि ब्राझीलमधल्या रसायनतज्ज्ञांनी दाखवलं की तापलेल्या पत्र्यावर अंड्यांतून आम्लं तयार होऊन रंगाचा वरचा थर खराब होतो.

सोलर पॅनेलांचंही असंच. काळी, गुळगुळीत, तळ्याहून जास्त ‘पाणी’. त्यांवर पांढऱ्या पातळ रेघांच्या चौकटी आखल्या तर पाण्यावरचे कीटक दहापट किंवा त्याहूनही कमी येतात, असं २०१० साली दिसून आलं. धरणाकाठी, तळ्याकाठी पॅनेल बसवताना एवढं करायला फार खर्च येत नाही.

म्हणजे त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं?

जास्त नाही, वेगळं. बारकावे बघण्यात मधमाशी आपल्या पासंगाला पुरत नाही. वर्तमानपत्रातलं मथळ्याचं अक्षर तिला धुरकट डाग वाटेल. फुलपाखरांचं प्रकरण मात्र थक्क करणारं आहे. ब्लू बॉटल या फुलपाखराच्या डोळ्यात प्रकाशग्राही पेशींचे १५ प्रकार २०१६ साली मोजले गेले. रोजच्या रंगओळखीला त्यातले चारच लागत असावेत आणि बाकीचे खास कामांसाठी राखून ठेवलेले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. याच कुळातली दोन फुलपाखरं आपल्या ओळखीची: ब्लू मॉर्मन महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, सदर्न बर्डविंग कर्नाटकाचं. भीमगडच्या रानात दोन्ही सुखाने एकाच झाडावर बसतात.

पॉलिहाऊसवाल्यांसाठी

हे सगळं वापरायची एक जागा सीमाभागात वाढते आहे. ढोबळी मिरची, काकडी, जरबेरासाठी पॉलिहाऊस उभारताना अतिनील अडवणारा कागद मिळतो. इस्राएलमध्ये १९९० च्या दशकात त्यावर काम झालं: अतिनील आत आलं नाही की पांढरी माशी आत कमी शिरते, शिरली तरी कमी पसरते, आणि विषाणूचा रोगही कमी होतो. औषध फवारणी वाचते.

पण त्याच कागदाखाली मधमाशीच्या तराजूचं एक पारडं रिकामं होतं आणि वरच्या कडेचं होकायंत्रही अंधारात जातं. आत परागीभवनासाठी पेटी ठेवायची असेल तर माश्या बिचकू शकतात, वाट चुकू शकतात. परागीभवनाशिवाय फळ धरणारी काकडी असेल तर प्रश्नच नाही. खरबूज किंवा बियाणाचा प्लॉट असेल तर कागदाची ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: हा कागद अतिनील किती अडवतो, आणि याच्याखाली कुणी मधपेट्या चालवल्या आहेत का.